पेटीतलं मऊ लुगडं

माझं नाक मेलेलं आहे, हे आधीच सांगून टाकते. रोह्याच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली. झायलीन, मिथेनॉल, फिनाईल, लोकांच्या लघवीच्या बाटल्या... नाकानं तरी किती सोसायचं? गॅसवर दूध करपलं की शेजारीण भिंतीपलीकडून ओरडते, तेव्हा मला कळतं. पूर्वी हे मी हसत सांगायची. म्हणायची, नाक गेलं तर गेलं, डोळे आहेत ना! डोळ्यांचा मला गर्व होता. गर्व कसला, माजच होता.

त्याला कारण आमचं यंत्र. रक्तपेशी मोजायचं यंत्र आमच्या लॅबमध्ये आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता ताईंचं काम हलकं झालं. पूर्वी आम्ही रेघा आखलेल्या जाड काचेवर रक्त सोडून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायचो, मान आखडून जायची. हे यंत्र एका बारीक नळीनं थेंबभर रक्त ओढतं, भोकातून एकेक पेशी सोडतं आणि मिनिटभरात चिठ्ठी बाहेर फेकतं. काम चोख करतं, नाही म्हणत नाही मी. पण त्याला कळतो तो पेशीचा आकार. ती आहे कोण, कुठून आली, तिला काय झालंय, त्याच्या बापाला माहीत नाही. म्हणून चिठ्ठीवर जरा शंका आली की मी काचेवर थेंब पसरायची, रंगवायची आणि स्वतः बघायची. मालक वैतागायचे, ताई, वेळ जातो. जाऊ दे की, म्हणायची.

लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. तिचं सासर पेणला, जावई धाटावच्या कंपनीत, रोज कंपनीच्या बसनं पेणहून ये-जा. आमच्या घरी मी एकटीच, त्यामुळे नातवाच्या नुसत्या कल्पनेनंच मी हवेत होते. श्रावणात मुलगा झाला, सुखरूप. तिसऱ्या दिवशी दोघांना घरी आणलं.

बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जुनं घालायचं, आणि तेही असंतसं नाही, भरपूर आयुष्य जगलेल्या माणसाचं. माझी आई नव्वदीला टेकून गेली. तिचं एक नऊवारी लुगडं मी नातवंडासाठी म्हणून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आमच्या दमट हवेत कपड्याला कसर लागते, बुरशी धरते, म्हणून दरवर्षी पावसाच्या तोंडावर मी पेटीत मूठभर डांबर गोळ्या टाकते. सगळेच टाकतात.

ते लुगडं मी फाडून सहा तुकडे केले, उरल्या चिंध्यांचे लंगोट. धुवायला हवं होतं का? हवं होतं. पण श्रावणात आमच्याकडे कापड तीन-तीन दिवस वाळत नाही, आणि अर्धवट ओलं कापड तान्ह्याच्या अंगाला लागलं तर सर्दी छातीत उतरते, ही मला भीती. म्हणून झटकलं, वरून गरम इस्त्री फिरवली. इस्त्रीनं जंतू मरतात, हे लॅबमध्ये मीच लोकांना शिकवत असते.

लेकीनं बाळाला गुंडाळताना नाक मुरडलं. म्हणाली, "आई, याला कसलातरी उग्र वास येतोय."

मी म्हणाले, "जुन्या कापडाला यायचाच. तुझ्या आजीचा वास आहे तो."

ती हसली आणि तिनं त्याला छातीशी धरलं. हे वाक्य मी कितीही जन्म घेतले तरी माझ्या मागून येणार आहे.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. पाटा मांडला, सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. दिवा लावताना बाळाच्या डोळ्यांत पिवळसर झाक दिसली. लेक घाबरली. मी तिलाच दटावलं, "सगळीच पोरं पिवळी पडतात गो. असले शंभर रिपोर्ट मी हातानं लिहिलेत." नाकानं कांदे सोलावेत तर माझ्यासारखीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध ओढेना. रडणं अगदी बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. लंगोट सोडला तर त्यावर कोऱ्या चहाच्या रंगाचा डाग. लघवीचा असा रंग म्हणजे रक्त आतल्या आत फुटतंय, एवढं मला कळत होतं.

आमच्या इथल्या मुलांच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीवर बोट दाबून उचललं. खालची कातडी हळदीसारखी पिवळी, आणि त्याखाली पांढरीफटक. त्यांनी रक्त काढून दोन बाटल्या माझ्या हातात दिल्या. म्हणाले, "ताई, इथं वेळ घालवू नका. पेणला नवजात बाळांची सोय आहे, लगेच हलवा. तुम्ही मागं थांबून हे रक्त लावा आणि मला फोनवर सांगा. रक्त कशानं फुटतंय ते कळल्याशिवाय नुसते उपचार करून उपयोग नाही."

कंपनीच्या गेटवर फोन करून जावयाला निरोप धाडला. तो शिफ्टमधून तसाच पळत आला. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, गेटवर ठेवून घेतात, तो घ्यायचंही त्याला सुचलं नाही. लेकीचा फोन घरी उशीखाली राहिला. हे सगळं नंतर कळलं. मी आपली पिशवी भरून दिली. लुगड्याचे दोन तुकडे बाळाच्या अंगाभोवती होते, उरलेले चार पिशवीत घातले. गाडीत बसवताना लेकीला बजावलं, "पेणला एसी असेल, बाधेल त्याला. नीट गुंडाळ. दुहेरी गुंडाळ."

दुहेरी, म्हणाले मी.

लॅबमध्ये जाऊन रक्त यंत्राला लावलं. चिठ्ठी आली. हिमोग्लोबिन सातवर आलेलं, तान्ह्या बाळाचं याच्या दुप्पट असतं. आणि पांढऱ्या पेशी भरमसाट. मालकांनी माझ्या खांद्यावरून चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "इन्फेक्शन दिसतंय. कळवून टाका." मला वाटलं तसंच असेल. हातात फोन घेतलाही होता. पण सवय जात नाही. काच घेतली.

पहिली काच बिघडली, थेंब जाडच पसरला. आयुष्यात किती काचा केल्या असतील, आणि माझ्या नातवाच्याच रक्ताची नीट होईना! दुसरी जमली. रंग चढायला जी काही मिनिटं लागतात ती मी बेसिनला धरून उभी राहून काढली. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना.

भिंगाखाली बघितलं. पांढऱ्या पेशी जास्त नव्हत्याच. त्या होत्या कच्च्या तांबड्या पेशी, पोटात गाभा असलेल्या. बाळाची हाडं घाईघाईनं नवं रक्त करून पाठवत होती, पुरं पिकायच्या आत. गाभा एरवी पांढऱ्या पेशींतच असतो, म्हणून यंत्रानं त्या मोजल्या पांढऱ्यांत. म्हणजे इन्फेक्शन नव्हतं. आणि ज्या पिकलेल्या तांबड्या पेशी होत्या, त्यांच्या कडा खाल्लेल्या. भाकरीची कड उंदरानं कुरतडावी तशा. असल्या पेशी मी सबंध नोकरीत दोन-चारदा बघितल्या असतील. आई आणि बाळाचा रक्तगट एकच होता, तेव्हा तोही प्रश्न नव्हता.

एक जांभळा रंग असतो, तो ताज्या रक्तात मिसळून थोडा वेळ ठेवायचा आणि मग बघायचं. तो क्वचितच लागतो, बाटली फडताळात मागं पडलेली. शोधली, मिसळलं, बघितलं. एकेका पेशीच्या कडेला जांभळे ठिपके चिकटलेले, एक, दोन, तीन. पेशी आतून करपत होत्या. बाहेरून काहीतरी त्याच्या अंगात जात होतं आणि त्या पेशींना जाळत होतं. पण सहा दिवसांच्या पोराच्या अंगात जाणार काय? दुधाशिवाय त्याच्या तोंडात काही गेलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावला, बघितलं ते सांगितलं. ते म्हणाले, "ताई, घरात डांबर गोळ्या वापरता का हो? बाळाच्या कपड्यांत?"

पत्र्याची पेटी. मूठभर गोळ्या. लुगडं.

ते सांगत होते. काही मुलांच्या तांबड्या पेशींत एक राखणदार द्रव्य जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना काही होत नाही. पण डांबर गोळीची वाफ श्वासातून, कातडीतून गेली की त्या पेशी टिकत नाहीत, पटापट फुटतात. "कापड कुठलं असेल ते आधी काढा," ते म्हणाले.

काढा! कापड तर रस्त्यावर होतं. दुहेरी.

डागाळलेला लंगोट माझ्याच पिशवीत होता, लघवीचा रंग डॉक्टरांना दाखवायला घेतलेला. तोही त्याच लुगड्याची चिंधी. मी तो नाकाला लावला. काही नाही. वेड्यासारखी हुंगत राहिले, तरी काही नाही. मनात आलं, गोळ्यांचा वास उडून गेला असेल, आपलं चुकत असेल, दुसरं काहीतरी असेल. आमच्याकडे झाडलोट करायला नदीपलीकडच्या वाडीवरची मावशी येते, ती फरशी पुसत होती. तिला म्हटलं, "गो मावशी, जरा हे हुंग बघू."

तिनं दोन हात लांबूनच तोंड फिरवलं. "डांबर गोळीचा वास हाय ना, ताई. केवढा मारतोय! तुला नाय येत?"

नाय येत गो. मला नाय येत.

लेकीचा फोन लावला, वाजत राहिला. जावयाचा लावला, गेटवरच्या माणसानं उचलला. म्हणाला, साहेब तर कधीच गेले, फोन इथंच हाय. डॉक्टरांनी पेणच्या दवाखान्यात फोन करून ठेवला की पोचल्या-पोचल्या सगळे कपडे काढा. पण पोचायला हवेत ना! मी पर्स उचलली, स्टँड गाठला आणि मिळाली ती एसटी धरली.

तो दीड-दोन तासांचा रस्ता माझ्या अंगावर काटा आणतो, आजही. नागोठण्याला आंबा नदीचं पाणी कडेला लागलेलं, गाडी माणूस चालेल तशी चालली होती. हायवेला खड्डे. वडखळच्या नाक्यावर अलिबागकडे वळणाऱ्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. मी खिडकीतून पुढच्या प्रत्येक गाडीत डोकावून बघत होते, त्यांची गाडी दिसते का. दिसली असती तर चिखलातून धावत गेले असते आणि ते कापड ओरबाडून काढलं असतं. डोळे मिटले की जांभळे ठिपके दिसत. वाटायचं, आत्ता एक फुटली, आत्ता आणखी एक. मी सरळ सांगते, मी इतकी कधी घाबरले नाही. माझा नवरा गेला तेव्हाही नाही. त्याच्या मरणात माझा हात नव्हता.

शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "काय झालं गो? कोन गेलं का?" मी तिच्या अंगावर ओरडले. बिचारी उठून मागं जाऊन बसली.

पेणला पोचले तेव्हा काचेपलीकडे निळ्या उजेडाखाली तो नागडा निजला होता. डोळ्यांवर पट्टी, पायाला सुई, अंगावर सूतभर कापड नाही. दारातच नर्सनं सगळं उतरवून पिशवीसकट बाहेर नेलं होतं. लेक काचेला कपाळ टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वास येत होता, आई," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं तुला."

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्याला दोनदा रक्त चढवलं. सगळंच रक्त बदलावं लागेल, मुंबईला न्यावं लागेल, असंही बोलणं झालं. कावीळ त्या रेषेपर्यंत चढली आणि तिथं अडली. चौथ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिवाचा धोका टळला. मी तिथंच फरशीवर बसले. मग त्या म्हणाल्या, इतकी कावीळ चढली की कधीकधी कानाच्या नसेला धक्का बसतो, तीन महिन्यांनी ऐकू येतं का ते तपासून घ्या. मी त्यांना एकीकडे घेऊन विचारलं, मी दुहेरी गुंडाळायला सांगितलं होतं, त्या दोन तासांनी किती बिघडलं? त्या म्हणाल्या, "त्यानं फारसा फरक नाही पडला. आधीचे तीन-चार दिवस महत्त्वाचे." हे त्यांनी माझी समजूत काढायला सांगितलं होतं.

राखणदार द्रव्याची तपासणी आम्ही लगेच केली नाही. तेव्हा ती फसवते. जुन्या कमकुवत पेशी फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या तरण्या पेशी ठीकठाक दिसतात. काही महिने गेल्यावर केली, त्याचं कमी निघालं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून लेकीचं तपासलं, मग माझं. दोघींचं अर्धं-अर्धं. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी मुलगे असे पिवळे पडून गेलेत का?"

गेलेत. माझ्या आधीचे दोघे. बारसंही झालं नाही त्यांचं. पहिल्याच्या पाचवीला सटवाईपुढचा दिवा विझला होता, म्हणून तिनं त्याच्या नशिबात काही लिहिलंच नाही, आणि रागावून पुढच्यालाही नेलं, असं आई धरून चालली. मरेपर्यंत ती कुणाच्या पाचवीला गेली नाही. बोलावलं तर म्हणायची, माझा पायगुण नको. पेटी तिचीच, पत्र्याची. तेव्हाही तिच्यात गोळ्या असायच्या का, कुणाला विचारू आता? विचारायला ती होती तेव्हा मी लोकांचं रक्त बघण्यात दंग होते. पन्नास-साठ वर्षं ती बाई एका विझलेल्या दिव्याला भीत जगली. तिला कुणी सांगायला हवं होतं, आणि हे काम घरात मलाच येत होतं.

लेक मला काही बोलली नाही. बाळाला माझ्याकडे द्यायचीही. फक्त द्यायच्या आधी पुढं व्हायची, माझा पदर हातात घ्यायची आणि हुंगायची. प्रत्येक वेळी. जावयासमोर, शेजारणीसमोर, देवळातसुद्धा. मी पेटी भंगारात दिली, कपाट रिकामं करून पुसलं, साड्या सोडा घालून उकळल्या. तरी ती हुंगायची. मी उभी राहायची. तिचं बरोबरच होतं.

आणि मी टाळ्या वाजवायची. तिची पाठ वळली की पाळण्याशी जाऊन टाळी, चमचा, ताटली. कधी तो मान वळवल्यासारखा करायचा, कधी ढिम्म. त्यानं आवाज ऐकला की माझा हात हललेला बघितला, हेच कळायचं नाही. मग टाळी वाजवायचीही भीती वाटायला लागली.

तीन महिन्यांनी पेणला कानाच्या दवाखान्यात नेलं. त्याला दूध पाजून निजवलं. कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवल्या, कानात बारीक नळी घातली. यंत्र कानात टिकटिक सोडतं आणि मेंदूपर्यंत ती पोचली की पडद्यावर रेघ उठते. मी पडद्याकडे डोळे फाडून बघत होते. नुसत्या लाटा. माझ्या डोळ्यांना त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. यंत्र चालवणारी पोरगी विशीतली. मी तिला विचारलं, "बाळा, येतंय ना गो ऐकू?"

ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "डॉक्टर सांगतील, काकू."

हेच दोन शब्द मी सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडावर फेकलेत. समोर माणूस उभ्यानं थरथरत असायचा, आणि मी पावती फाडत म्हणायची, डॉक्टर सांगतील.

डॉक्टर बाहेरगावी होते. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला, दोन्ही कान चांगले. पण मला तो आदल्या दिवशीच मिळाला, पेणच्या एसटी स्टँडवर.

आम्ही दोघी बाकावर बसलो होतो, तो तिच्या मांडीवर गाढ झोपलेला. आमच्या मागून एक गाडी फलाटाला लागत होती, आणि मध्ये कुणीतरी आलं म्हणून ड्रायव्हरनं जो काय भोंगा दिला! मी दचकले, लेक दचकली, आणि तिच्या मांडीवर तो दोन्ही हात फाकवून उडाला. डोळे मिटलेलेच. मग तोंड वाकडं केलं आणि असं काही भोकाड पसरलं की सगळा स्टँड बघायला लागला.

ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या सोडून आम्ही दोघी हसत होतो. रडत होतो म्हणा. लेकीला पर्समधला रुमाल सापडेना, तिनं त्याला घाईघाईनं माझ्या मांडीत टाकलं. म्हणाली, "धर गो याला, आई."

तो माझ्या छातीशी तोंड खुपसून रडत होता. ती डोळे पुसत होती. तिनं पदर हुंगला नव्हता, हे जरा वेळानं माझ्या लक्षात आलं.

मग मीच पदराचं टोक उचललं आणि हुंगलं. मला वास येत नाही, तरी हुंगलं.